वृद्धसेवा आणि दानाचा विवेक



सज्जनहो, आपल्या संप्रदायाचे मूळच वृद्धसेवेत आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता आणि देव दारी आला. पुंडलिकाने काय केले ? हातातले काम टाकून तो धावला का ? नाही. त्याने एक वीट पुढे सारली, देवाला त्यावर थांबावयास सांगितले आणि तो पुन्हा आईबापांच्या पायांकडे वळला. देव रागावला नाही, उभाच राहिला. आपण वारीला जातो, विटेवरचे रूप डोळे भरून पाहतो. पण ती वीट कशासाठी टाकली गेली, हे किती जण आठवतात ?

ज्यांच्या घरी आईबाप आहेत त्यांना निराळे सांगणे नलगे. पण ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांची मुले दूरदेशी आहेत, किंवा ज्यांना आपल्याच घराबाहेर व्हावे लागले, त्यांचे काय ? २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात दहा कोटींहून अधिक होती. त्यांतल्या निराधारांसाठी गावोगावी आश्रम आहेत, सेवासंस्था आहेत. त्यांना हातभार लावावा असे पुष्कळांना वाटते. तो कसा लावावा, एवढाच आजचा प्रश्न.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरु शिष्याला निरोप देताना आईबापांना देव मानावयास सांगतात, आणि थोडे पुढे दान कसे द्यावे तेही सांगतात. श्रद्धेने द्यावे हे तर आहेच. त्यापुढे चार शब्द येतात : श्री, ह्री, भी आणि संविद्.

श्री म्हणजे ऐपत. ज्याला जेवढे दिले आहे त्या मानाने त्याने द्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले शेकडा दोन समाजकार्याला लावावयास सांगितले आहे आणि त्या कामांच्या यादीत वृद्धाश्रम व वृद्धांची दिवसाची केंद्रे स्पष्ट घातली आहेत. आपल्यांतले कोणी कारखान्यात अधिकारी असतील तर त्यांनी एवढी आठवण वरिष्ठांना द्यावी. तीही सेवाच.

ह्री म्हणजे लाज. देताना देणाऱ्याने लाजावे. इथे तर उलटे चालते ! म्हातारीच्या हातात घोंगडी एक आणि घोंगडीला हात लावणारे दहा, सगळ्यांचे तोंड छायाचित्राकडे. अहो, ती कोणाची तरी आई आहे. तिची लाचारी भिंतीवर टांगावयाची नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत हातातला खराटा सोडला नाही. आपण पंखा देतो आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालतो !

भी म्हणजे भय. कशाचे भय ? आपल्या हातून आशा मोडेल याचे. एखादा तरुण उत्साहाने येतो, आजोबांपाशी बसतो आणि "पुढच्या रविवारी येतो हं" म्हणून जातो. रविवारी आजोबा सकाळीच दाढी करून, स्वच्छ सदरा घालून फाटकाशी बसतात. दुपार होते, दिवस मावळतो. तो येत नाही. न येणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही, पण आजोबा त्या रात्री जेवत नाहीत. म्हणून थोडे बोलावे आणि नेमाने करावे. वारकऱ्याला नेम काय शिकवावयाचा ? महिन्याला दोन एकादशा येतात. त्यांतली एक सेवेला द्या. पण द्याल ती चुकवू नका.

संविद् या शब्दाचा अर्थ आचार्यांनी मैत्रीभाव असा केला आहे. समज हाही त्याचा अर्थ आहे. दोन्ही हवेत. पितृपक्षात आश्रमात खिरीचे इतके पातेले येतात की कावळ्यालाही अजीर्ण व्हावे. आजींना मधुमेह आणि ताटात चार जिलब्या ! मार्गशीर्षात मात्र रात्री उठवून शौचाला नेणाऱ्या बाईचा पगार थकलेला असतो. त्यासाठी कोणी देत नाही. का, तर "आमचे पैसे अन्नदानालाच लावा." मी विचारतो, दिंडीची भिशी भरताना आपण असे म्हणतो का, की माझे पैसे पोळीला लावा, मालमोटारीच्या भाड्याला आणि राहुट्यांना नको ? राहुटी नसेल तर पावसात पोळी कुठे खाल ? आश्रमालाही पगार आहे, विजेचे बिल आहे, गळके छप्पर आहे. संस्थेचे हिशेब अवश्य पाहा. पटले, की बंधन न घालता द्या, आणि एकदाच पुष्कळ देण्यापेक्षा दरमहा थोडे द्या.

आणि पैसा नसेल तर ? हातची विद्या आहे ना ! दिंडीत विणेकरी वेगळा, चोपदार वेगळा, राहुट्या ठोकणारा वेगळा. तसेच इथे. गवंड्याने शौचालयात धरावयास दांडी बसवावी. वीजतंत्र्याने खाटेपासून तिथपर्यंत दिवा लावावा. पडून मांडीचे हाड मोडणे त्याने टळते. हिशेबनिसाने धर्मादाय कार्यालयाचे कागद वेळेवर पुरे करावेत. कायदा जाणणाऱ्याने २००७ चा कायदा समजावून द्यावा : सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध वृद्धाला न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि त्याने अधिकार दिल्यास संस्थाही त्याच्यासाठी अर्ज करू शकते. जन्मभर माती कसून बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ओळखत नाही, आणि जिवंत माणसाचे निवृत्तिवेतन हयातीच्या दाखल्यावाचून अडते. आता चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय झाली आहे. ती एखाद्या शिकल्या पोराने दहा मिनिटांत करून द्यावी. वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनीही आहे. तो देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

एक मात्र सांभाळा. आपली विद्या घेऊन गेलात, तर आधी विचारा, "बाबा, तुम्हांला काय हवे ?" कदाचित ते म्हणतील, काही नको, जरा हरिपाठाला सोबत बसा. मग पेटी बाजूला ठेवा आणि बसा. पुंडलिकाने तरी देवापुढे कोणता पराक्रम मांडला होता ? समोरच्या पायांचे काम त्याने अर्धे टाकले नाही. तेवढ्यावर देव अजून उभा आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल !