नावाची पिशवी



मावळातून लंडनला गेलेले आपल्यापैकी काही जण हॅरॉड्सचे आलिशान दुकान हौसेने पाहून येतात. १८४९ साली तिथे साधे किराणा दुकान होते. पुढे त्याचा पसारा वाढला. ‘सर्वांसाठी, सर्व काही, सर्वत्र’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आले. आपल्या खिशाला मात्र परवडते ती दुकानाचे नाव छापलेली हिरवी पिशवी!

यात गैर काय? पाहण्यात गैर काहीच नाही. प्रश्न हेतूचा आहे. लोणावळ्याला आलेले पर्यटक चिक्की नेतात ती घरीदारी वाटण्यासाठी. वाटली की ती संपते, पण सर्वांची होते. पिशवी आपण दाखवण्यासाठी आणतो. ती पाहून शेजाऱ्याला स्वतःचे घर थिटे वाटले, तर आपण नक्की काय आणले? वाटता येईल असेच काही आणू या.