श्रद्धेची साक्ष कोणी घ्यावी?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडला जातो. मातीची ढेकळे, पाण्याची घागर, भोवती धान्याचे रिंगण. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत काय हलले, काय विस्कटले ते पाहून पावसाचे, पिकांचे आणि देशाच्या कारभाराचेही भाकीत सांगितले जाते. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची मोठी होळी पेटते. बाधा झाली असे मानलेल्या माणसांना त्यांचे नातेवाईक दूरदूरहून तिथे आणतात, आणि मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवल्याच्या बातम्याही या परिसरातून अनेक वर्षे येत राहिल्या आहेत. शेगाव तर अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गजानन महाराजांची समाधी, पंढरीला निघणारी पालखी आणि घरोघरी चालणारे दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे पारायण. तिन्ही ठिकाणी न दिसणाऱ्या शक्तीवरचा विश्वास आहे. तरीही तिन्ही ठिकाणी राज्याने सारखाच हात घालावा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मग रेषा कुठे ओढायची, आणि ती ओढण्याचा अधिकार कोणाचा?

धर्माचार्य म्हणतील, आमचा. बुद्धिवादी म्हणतील, विज्ञानाचा. वकील म्हणतील, न्यायालयाचा. मला मात्र वाटते की या कामाला सर्वांत योग्य जागा विधिमंडळाच्या समितीची खोली आहे, आणि तिथे धर्माचा कोणी तज्ज्ञ बसलेला नसतो हेच तिच्या योग्यतेचे कारण आहे. या खोलीतल्या कामाची रीत साधी असते. सभागृहात मांडलेले विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवले जाते. समिती हरकती व सूचना मागवते, खात्याच्या अधिकाऱ्यांचे, जाणकारांचे, संघटनांचे म्हणणे घेते, मसुदा कलमवार वाचते, शब्द बदलते आणि अहवाल सभागृहापुढे ठेवते. ज्या सदस्याला तो पटत नाही, तो आपली भिन्नमतपत्रिका जोडतो. या रुक्ष वाटणाऱ्या रीतीत एक नैतिक तत्त्व आहे: ज्याच्यावर कायद्याचा अंमल बसणार, त्याच्या हरकतीला उत्तर देण्याचे ऋण कायदा करणाऱ्यावर असते. हरकत मान्य करावीच असे नाही, पण तिला उत्तर द्यावेच लागते.

हे तत्त्व कसाला लागले ते जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी. डॉ. नरेंद्र दाभोलकर, श्याम मानव आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्याचा आग्रह अनेक वर्षे धरला होता. २००५ च्या हिवाळी अधिवेशनात विधेयक विधानसभेत मंजूर झाले, विधान परिषदेत मात्र अडले आणि संयुक्त समितीकडे गेले. हरकतींचा पाऊस पडला. वारकऱ्यांची भीती अशी की कीर्तन, वारी, नवस सगळेच गुन्ह्यात जाईल. या भीतीची टिंगल करणे सोपे होते. पण शेगावच्या पारायणाचा विचार केला की ती निराधार नव्हती हे कळते. ‘गजाननविजय’ महाराजांच्या चमत्कारांनी भरलेला आहे. चमत्काराचा प्रचार हा सरसकट गुन्हा ठरला, तर तो ग्रंथ मोठ्याने वाचणारी आजी कायद्याच्या कोणत्या बाजूला उभी राहणार? हा प्रश्न कायद्याच्या मसुद्यालाच विचारायचा होता आणि उत्तरही मसुद्यातच मिळायला हवे होते.

ते मिळाले. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या कायद्याला बारा कृत्यांची अनुसूची आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, चटके देणे; साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे; कोणाला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे अशक्य करणे, अशी ती नेमकी कृत्ये आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सोबत एक स्पष्टीकरणाचे कलम आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, इतकेच काय, ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही त्यात कायद्याबाहेर ठेवला आहे. वर्षानुवर्षांच्या हरकती, बैठका आणि दुरुस्त्यांच्या घुसळणीतून विधेयकाचा रोख ‘अंधश्रद्धा’ या अमूर्त वस्तूवरून हटून माणसाला होणाऱ्या इजेवर आला. चमत्कार खरे की खोटे, हे कायद्याने ठरवले नाही. साखळी खरी आहे, एवढे त्याने ठरवले.

आपल्या परंपरेला ही पद्धत परकी नाही. मीमांसेचे अधिकरण विषय आणि संशयापासून सुरू होते, मग पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडते आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय सिद्धान्ताकडे जात नाही. पूर्वपक्ष दुबळा मांडून खोडला, तर तो सिद्धान्तच दुबळा मानला जातो. हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या राव समितीत शास्त्राची रीत आणि समितीची रीत हे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. तिचे एक सदस्य होते पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे ज. र. घारपुरे, ‘मिताक्षरे’चे इंग्रजी भाषांतरकार. या समितीने प्रांतोप्रांती जाऊन साक्षी घेतल्या आणि कडवा विरोध ऐकला. तिचेच एक सदस्य द्वारकानाथ मित्तर यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने तो मसुदा तपासला. विधेयक रखडले, १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला आणि १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी कायदा झाले. सनातन्यांना ते पटले नाही; पण आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही, असे म्हणायला त्यांना जागा उरली नाही.

समितीवरचा पहिला आक्षेप पात्रतेचा आहे. निवडून आलेल्या माणसांना धर्म काय कळतो? हात वर करून धर्माचा निर्णय होतो काय? होत नाही, आणि म्हणूनच समितीने तो करू नये. पण हीच अडचण न्यायालयाला अधिक जाचते. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून आपली न्यायालये एखादी प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही हे तपासत आली आहेत. म्हणजे काळा कोट घातलेल्या माणसाला पोथ्या उघडून धर्माचे सार सांगावे लागते, आणि हरलेल्या पक्षाला वाटते की आपला देवच हरला. समितीवर हे ओझे नाही. तिच्यापुढे येणाऱ्या श्रद्धाळूला आपली श्रद्धा खरी आहे हे सिद्ध करावे लागत नाही. अमुक कलमाचा अमुक शब्द आपल्या निरुपद्रवी आचरणाला कसा चिरडतो, एवढेच दाखवावे लागते. यात श्रद्धेचा अपमान नाही. उलट तिला नागरिकाच्या भाषेत बोलण्याची संधी आहे, आणि राज्यालाही आपल्या अधिकाराची सीमा लेखी द्यावी लागते.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा. ऐकून ऐकून कायदा बोथट झाला, असे काही बुद्धिवादी म्हणतात. ज्योतिष सुटले, वास्तुशास्त्र सुटले, भेंडवळची भाकिते दरवर्षी छापून येतात आणि त्यांवर विसंबून कोणी पेरणी केली तर नुकसान त्याचेच होते. या म्हणण्यात दम आहे. खोट्या भाकिताची किंमत कोरडवाहू शेतकरीच मोजतो. पण असत्य आणि अत्याचार यांना एकाच कायद्याने मारायला निघालेले राज्य उद्या कोणते मत असत्य ठरवेल, याची हमी कोण देणार? भेंडवळचा घट उघड्यावर मांडला जातो, भाकीत सर्वांदेखत सांगितले जाते आणि पावसाळा संपला की कोणालाही ते पडताळता येते. तिथे कोणाला बांधलेले नसते, कोणाचे औषध अडवलेले नसते. त्या घटाला उत्तर हवामान खात्याने द्यावे, कृषी विद्यापीठाने द्यावे, शाळेतल्या मास्तरांनी द्यावे. फौजदाराने देऊ नये. सैलानीला मात्र कोणी साखळी बांधली, तर तिथे फौजदाराने पोहोचलेच पाहिजे. कायद्याची रेषा या दोन गावांच्या मधून जाते, आणि ती तिथूनच जावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण त्याच्या पारड्यात एक जीव आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला. जे आठ वर्षांत झाले नाही ते आठवड्यात झाले, तर समित्या आणि सुनावण्यांचा उपयोग काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ऐकायला वेळ लागतो, पण ती आठ वर्षे ऐकण्यात गेली नाहीत. हरकतींना उत्तरे देऊन झाल्यावरही मतदानाला सामोरे जायचे धैर्य नव्हते, म्हणून ती गेली. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही गेले आणि २०११ मध्ये पुन्हा मांडावे लागले. ज्या सुनावणीला शेवटची तारीख नाही ती सुनावणी नव्हे, टाळाटाळ आहे. मीमांसकांचा पूर्वपक्षही कुठेतरी थांबतो, सिद्धान्त कधीच न सांगणारा शास्त्री तिथे चालत नाही. तेव्हा समितीला मुदत असावी, आणि मुदतीनंतर सभागृहाला मत द्यावेच लागावे. वटहुकमाची घाई हे समितीच्या अपयशाचे फळ होते. तिच्या निरुपयोगीपणाचा पुरावा म्हणून ते दाखवता येणार नाही.

या तिन्ही आक्षेपांना उत्तर देता येते. एका उणिवेला मात्र मला तयार उत्तर सापडत नाही. समितीपुढे बोलायला कोण येते? ज्याची संघटना आहे तो येतो. वारकऱ्यांच्या फडांना, पंथांना, संस्थांना, चळवळींना आवाज आहे. झाडाला बांधलेल्या मनोरुग्णाला तो नाही, आणि कायदा तर त्याच्यासाठीच आहे. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या निवासात आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्यांची साक्ष कोणत्याही समितीने घेतली नव्हती. मानसिक आरोग्याचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत आले, आरोग्यविषयक स्थायी समितीने ते तपासले आणि २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याचे कलम ९५ मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला सक्त मनाई करते. सैलानीच्या परिसरातल्या साखळीवर आज राज्याचा आणि केंद्राचा, असे दोन कायदे चालतात. तरीही आईबाप आपल्या लेकराला तिथे नेतात ते क्रौर्याने नव्हे. जवळपास मानसोपचार नाही आणि दुसरीकडे कुठे आशाही नाही, म्हणून नेतात. हे समितीच्या टेबलावर आलेल्या पत्रांतून कळत नाही, तिथे जाऊनच कळते. राव समिती साक्षी घ्यायला प्रांतोप्रांती फिरली होती. श्रद्धेशी संबंधित विधेयकाच्या समितीने यात्रेच्या दिवसांत सैलानीला जाऊन बसावे, ही मागणी त्यामुळे अवाजवी ठरू नये. सुनावणी म्हणजे दार उघडून बसणे एवढेच नव्हे. जो दारापर्यंत येऊ शकत नाही त्याला शोधणे हाही तिचा भाग आहे.

आज तर दारच मिटत चालले आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के. महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयकावरच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. पण विधेयक ज्यांच्या सरकारचे, त्याच सरकारचे मंत्री समितीच्या अध्यक्षपदी होते. ही आपल्याकडची रीतच झाली आहे आणि ती पूर्वपक्षाला न्याय देणारी नाही. सूचना किती आल्या हा आकडा बातमीत येतो. कोणत्या हरकतीला कोणते उत्तर मिळाले, हे सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. आकडा म्हणजे उत्तर नव्हे. श्रद्धेच्या प्रश्नावर तर मुळीच नव्हे, कारण श्रद्धावंत बहुमताने हरला तरी त्याचे समाधान होत नाही. आपल्या म्हणण्याचा अर्थ समोरच्याला कळला होता, एवढे दिसले तर होऊ शकते. म्हणून समितीने मुदतीत काम संपवावे, अध्यक्षपद मंत्र्याकडे नसावे, आणि अहवालात प्रत्येक मुख्य हरकतीसमोर तिचे उत्तर छापावे. एवढे झाले तर शेगावच्या भक्ताला कायद्याची भीती उरणार नाही आणि सैलानीच्या रुग्णाला त्याचा आधार मिळेल. यातला एक नसेल, तर तो कायदा अर्धाच राहील.