साहसाचें देणें

नवें कार्य हातीं घेणाऱ्याचें धैर्य आपण बहुधा त्यानें स्वतः काय गमावलें यावरून मोजतों. हें माप आम्हांस अपुरें वाटतें. त्या कार्यापायीं इतरांच्या वांट्यास जें आलें, तेंही त्याच्याच खातीं मांडावयास नको काय?

मल्याळी चित्रपटाचे जनक म्हणून जे. सी. डॅनिएल यांचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे. कळरिपयट्टूसारख्या युद्धकलेचा त्यांस छंद. तिचा प्रसार पडद्यावरून व्हावा या हेतूनें ते चित्रपटाकडे वळले. जमीन विकून त्यांनीं तिरुवनंतपुरम् येथें 'त्रावणकोर नॅशनल पिक्चर्स' ही संस्था काढली आणि 'विगतकुमारन्' हा मूकपट तयार केला. निर्माता, दिग्दर्शक व नायक ते स्वतःच. नायिका मात्र मिळेना. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांना तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांच्याकडून करवून घ्यावी लागली, हें ज्यांस ठाऊक आहे त्या मराठी वाचकांस ही अडचण समजावून सांगण्याचें कारण नाहीं. डॅनिएल यांनीं पी. के. रोझी ही पुलय जातीची, मजुरी करून लोकनाट्यांत काम करणारी स्त्री निवडली, आणि तिला भूमिका दिली ती नायर घराण्यांतील स्त्रीची.

कॅपिटॉल चित्रगृहांत हा खेळ पाहून वरिष्ठ जातींचे प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले. रोझीला गांव सोडून तामीळ मुलुखांत पळावें लागलें, व पुढील आयुष्य तिनें दुसऱ्या नांवानें काढलें.

डॅनिएल यांस हें अगोदर दिसत नव्हतें काय? १९२४-२५ मध्यें त्याच संस्थानांत, वैकम येथें, देवळाभोंवतालच्या रस्त्यानें नुसतें चालावयास मिळावें म्हणून सत्याग्रह झाला होता. शिवाय ते नाडर समाजांतले. त्या समाजाच्या स्त्रियांना अंगभर वस्त्र नेसण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत झगडावें लागलें होतें! न कळण्याचा संभव थोडाच. तरीही रोझीला निवडलें हा त्यांचा दोष, असें आम्ही म्हणणार नाहीं. तिला वगळणें सुरक्षित होतें खरें, पण त्या सुरक्षिततेचा लाभ दगड मारणाऱ्यांनाच झाला असता. आमचा आक्षेप निराळा आहे. डॅनिएल यांनीं डाव मांडला तो स्वेच्छेनें, आणि यश आलें असतें तर कीर्ति मुख्यतः त्यांचीच झाली असती. रोझी आली ती कामासाठीं. पणास मात्र तिचें घरदार लागलें. अशा वेळीं तिच्या रक्षणाची तजवीज हा चित्रपटाच्या खर्चाचाच भाग ठरतो, छायाचित्रणाच्या यंत्राइतकाच.

कोणी म्हणेल, त्यांचें स्वतःचें तरी काय उरलें? साहित्य विकावें लागलें, दंतवैद्यकीवर दिवस काढावे लागले, आणि १९७५ मध्यें उपेक्षेंतच त्यांचा अंत झाला. हें सारें खरें, आणि त्याबद्दल आम्हांस हळहळही वाटते. परंतु ऋणको बुडाला म्हणून ऋण फिटलें असें कोणताही सावकार मानीत नाहीं. तो वारसांकडे जातो. येथें वारस म्हणजे त्यांच्या नांवाचा अभिमान बाळगणारा सारा मल्याळी चित्रपटव्यवसाय. केरळ शासनाचा डॅनिएल यांच्या नांवाचा पुरस्कार १९९२ पासूनचा आहे. रोझीच्या नांवानें चित्रपटमंडळ निघालें तें २०१९ मध्यें, आणि तें काढलें त्या व्यवसायांतील स्त्रियांच्या संघटनेनें.