ज्याचा निरोप घेता येत नाही

वाचकहो, आपली मुले शिकली आणि त्यांतली काही सातासमुद्रापलीकडे गेली. मुलीचे बाळंतपण तिकडे असते, मुलगा तिकीट पाठवितो आणि सेवानिवृत्त आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला किंवा इंग्लंडला निघतात. घराला कुलूप घालता येते, दूध बंद करता येते, विजेचे बिल मुलगा तिकडून भरतो. दारात बसलेल्या कुत्र्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा निघण्याच्या आठवड्यात सुचतो आणि हाताशी जे असेल त्याने तो मिटविला जातो. माझ्या मते हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो शीलाचा प्रश्न आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

काही बांधव रागावतील. ज्या समाजाला माणूस म्हणून पाणी मिळाले नाही त्याने कुत्र्याची चिंता का वाहावी, असे ते विचारतील. त्यांचा राग खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या आजोबा-पणजोबांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईला गांधीजींची भेट झाली तेव्हाही, आम्हाला कुत्र्यामांजरांहून हीन वागविणाऱ्या देशाला मातृभूमी कसे म्हणावे, हाच सवाल त्यांनी केला. मेलेली ढोरे ओढण्याचे कामही आपल्याच माथी होते. मुक्या प्राण्यांशी आपला संबंध असा अपमानातून आलेला आहे.

परंतु महाडची तक्रार काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. कुत्रा पाणी पितो ही तक्रार नव्हती. माणसाला पिऊ देत नाहीत ही होती. तळ्यावरून कुत्र्याला हाकला, असे त्या सत्याग्रहात कोणी म्हटले नाही. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि घरातला टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या त्यांतली तेरावी प्राणिमात्रांविषयी आहे. ती दयेवर थांबत नाही, पालनाचीही जबाबदारी घालते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब करुणेच्या पुढे जाऊन मैत्री मागतात, आणि त्या मैत्रीत ते सर्व सजीवांना घेतात. दया दूरवरूनही करता येते. पालन करावयाचे तर रोज दोन वेळा भांडे घासावे लागते.

आता मूळ मुद्दा. सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला सोडून चोरपावलांनी निघून गेला, ही कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्याच्या वादावरून परिव्रज्या घेतो. तो आईवडिलांना सांगतो, यशोधरेशी बोलतो आणि मग उघडपणे निघतो. ज्याच्यावर आपल्या जाण्याचा परिणाम होणार त्याला विचारल्याशिवाय जाऊ नये, असा हा भेद आहे. परंतु कंथक घोड्याला कोण विचारणार? जुन्या परंपरेत तो घोडा धन्याच्या वियोगाने मरतो. ही कथा ऐतिहासिक आहे की नाही हा वाद बाजूला ठेवू. ती रचणाऱ्याला एक गोष्ट दिसली होती: ज्याला समजावून सांगता येत नाही त्याचा निरोप शब्दांनी घेता येत नाही. “सहा महिन्यांनी येतो” हे वाक्य कुत्र्याच्या उपयोगाचे नाही. त्याला वास कळतो, आवाज कळतो, जेवणाची वेळ कळते. तेव्हा त्याचा निरोप घ्यावयाचा तो व्यवस्थेनेच. (आमच्या शाळेत मुले ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दरवर्षी लिहितात. कुत्रा इमानी असतो, हे प्रत्येक वहीत असते. मालक कितपत इमानी असतो, हे अजून एकाही वहीत सापडलेले नाही.)

बरोबर नेणे जवळजवळ बाद समजा. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले असून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत मोडतो. मायक्रोचिप, लसीचे दाखले, रक्ततपासणी, ठराविकच विमानतळ, हा खटाटोप सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी करू नये. दूर नेऊन सोडून देणे तर पापच, शिवाय गुन्हाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने शिक्षेस पात्र आहे.

शहरांतून कुत्र्यांची वसतिगृहे निघाली आहेत. ती सगळीच वाईट नाहीत. मात्र न कळविता संध्याकाळी जाऊन पाहा. फरशी ओली आहे का, रात्री तेथे माणूस झोपतो का, कुत्रे दिवसातून किती वेळा मोकळे सोडतात, हे विचारा. जेथे लसीचा दाखला मागत नाहीत तेथे तुमचाही ठेवू नका, कारण शेजारच्या कुत्र्याचाही दाखला त्यांनी पाहिलेला नसतो. आधी दोन-तीन रात्री ठेवून बघा. तरुण, चारचौघांत रमणाऱ्या कुत्र्याला ते जमते. म्हाताऱ्याला आपल्याच उंबऱ्यावर, ओळखीच्या माणसाच्या हाताखाली राहू द्यावे, असे माझे मत आहे.

आणि येथेच खरी मेख आहे. तो ओळखीचा माणूस कोण असतो? धुणीभांडी करणारी बाई, नाहीतर गावाकडचा गरीब चुलतभाऊ. “ती काय, घरचीच आहे,” असे म्हणून किल्ली हातात दिली जाते आणि पैशाचा विषय निघत नाही. बंधुभगिनींनो, काम ठरलेले, वेळ न ठरलेली आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर, या व्यवस्थेचे नाव आपल्याला पाठ आहे. तिला वतन म्हणत. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. त्यांच्या लेकरांनी आपल्या ब्लॉकच्या दारात नवे वतन निर्माण करावे काय? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कामकऱ्यांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुटी. यातली सुटी आपण हमखास विसरतो. कुत्र्याला रविवार नसतो. म्हणून सहा महिन्यांसाठी एक माणूस ठेवणे म्हणजे वेठच. दोघे लागतील, आणि दोघांचा पगार महिन्याच्या महिन्याला पोचला पाहिजे. तिकिटाला लाख रुपये निघतात तर हेही निघतील.

आणखी एक. कुक्कुर जातकात राजाच्या रथाचे चामडे कुत्री खातात. राजा नगरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम देतो, फक्त राजवाड्यातली उंची जातीची सोडून. स्मशानातला कुत्रा, म्हणजे बोधिसत्त्व, दरबारात जाऊन हा न्याय आहे का असे विचारतो, आणि चामडे राजवाड्यातल्याच कुत्र्यांच्या पोटातून निघते. ही गोष्ट आठवण्याचे कारण असे की, लॅब्रेडॉरची व्यवस्था लोक करतात. फाटकाशी आठ वर्षे पोळीवर वाढलेल्या गावठी कुत्र्याची करीत नाहीत, तो “आपला नव्हेच” ठरतो. सवय तुम्ही लावली, तेव्हा देणे लागते. तेथे जात पाहू नये.

शेवटी आजाराचे. कुत्रा बारा वर्षांचा असेल तर तुम्ही परत येईपर्यंत तो नसेलही. असाध्य दुखणे जडले आणि डॉक्टरांनी सुई देऊन शांत करण्याचा सल्ला दिला तर निर्णय कोणी घ्यावयाचा? मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी भेद केला आहे. तो भेद करण्याचे ओझे पगारी माणसाच्या मनावर टाकू नये. निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून, काय व्हावे आणि काय होऊ नये, हे सही करून ठेवावे. उपचाराचे पैसे वेगळे ठेवावेत. फोन रात्री दोनला आला तरी उचलावा, कारण तेथली रात्र म्हणजे येथला दिवस.

आणि सहा महिन्यांनी तुम्ही आलात, आणि कुत्रा तुमचे हात हुंगून पुन्हा त्या बाईच्या पायाशी जाऊन बसला, तर तिच्यावर रुसू नका. शेवटच्या महिन्याचा पगार त्याच दिवशी द्या, आणि तो तिच्याबरोबर जाऊ पाहत असेल व तिचीही इच्छा असेल, तर त्याच्या जेवणाचा खर्च पुढे कोणी करावयाचा हे तेव्हाच बसून ठरवा.