परत केलेली पेटी

औराद, भालकीकडील मंडळ्या जुनी बाजाची पेटी घेतात ती बहुधा वर्गणीतून. घरी आणल्यावर दोष निघाला, तर ती परत करावी काय? १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो की, माल तपासून घेतला असेल, तर तपासताना दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल सहसा तक्रार चालत नाही. भाता भरून वारा किती टिकतो, हे कोणीही पाहू शकतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या पट्ट्यांना तर आम्ही दोष न म्हणता वय म्हणू. परंतु आतला सूर तडकला आहे हे ठाऊक असून दुकानदार गप्प बसला, तर पेटी अवश्य परत न्यावी.

मात्र नीतिसूत्रे २०:१४ गिऱ्हाइकालाच धरते: माल हिणवून भाव पाडणारा आणि बाहेर जाऊन फुशारकी मारणारा. अशाने कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

आणि पैसे मिळाले म्हणजे आपण सुटलो काय? तीच पेटी पुसून फळीवर जाईल, नि आळंदकडची एखादी मंडळी ती घेईल. म्हणून दोष चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगण्याचे वचन मागावे. दुकानदार नाही म्हणाला, तर पेटी ठेवून घ्यावी व दुरुस्तीचा खर्च मागावा.