सावड की खाडा? (नित्य चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १३)



काल आपण तिसऱ्या अध्यायाचा नववा श्लोक पाहिला. यज्ञासाठी केलेलं कर्म सोडलं तर बाकीचं कर्म माणसाला बांधतं, असं भगवंत तिथे सांगतात. आज पुढचे चार श्लोक एकत्र घेऊ. पोथी जवळ असेल तर आधी ते एकदा मोठ्यानं वाचा, मग पुढे या.

आजचा भावार्थ

ब्रह्मदेवानं माणसं निर्माण केली ती यज्ञासह. त्यानं सांगितलं की याच्या आधारानं तुम्ही वाढा, हीच तुमची कामधेनू. तुम्ही देवांची काळजी घ्या, देव तुमची घेतील, आणि असं एकमेकांना जपत दोघांचंही भलं होईल. पुढचे दोन श्लोक मात्र कडक आहेत. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काहीच न देता जो एकटा उपभोग घेतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. यज्ञ झाल्यावर उरलेलं जो खातो तो पापातून सुटतो, आणि जो फक्त आपल्यापुरती चूल पेटवतो त्याच्या ताटात अन्नाच्या रूपानं पापच असतं.

इथे यज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंड, तूप आणि समिधा येतात. ज्ञानेश्वर माऊलींनी मात्र या जागी आपल्या वाट्याला आलेल्या स्वधर्माचं आचरण हाच नित्याचा यज्ञ, असा अर्थ उलगडला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा म्हणतात की सृष्टी आपण वापरतो, त्यानं तिची जी झीज होते ती भरून काढणं म्हणजे यज्ञ. मला हा झीज शब्द फार जवळचा वाटतो. वापरल्यावर यंत्र झिजतं, जमीन झिजते, तशी माणसामाणसांतली नातीसुद्धा झिजतात. आणि ती भरून काढायचं काम आपोआप होत नाही.

आजचं चिंतन

वाचकांपैकी बरेच जण नोकरीत आहेत, पण काही माझ्यासारखे स्वतंत्र काम करणारेही आहेत. मी अंबाजोगाईत घरी बसून सॉफ्टवेअरची कामं करतो. आम्ही पाच जण आहोत. एक परळीचा, एक केजचा, दोघे पुण्यात. कुणी सर्व्हर सांभाळतो, कुणी मोबाइल ॲप करतो, एक जण फक्त टेस्टिंग बघतो. प्रत्येकाचं बिल वेगळं, पॅन वेगळं, टीडीएस वेगळा. कुणी कुणाचा साहेब नाही, कुणी कुणाचा नोकर नाही. मोठं काम आलं की एकत्र येतो, संपलं की आपापल्या वाटेनं जातो.

ऑफिसात माणसं एकत्र राहतात कारण पगार एका जागेवरून येतो. आमच्यासारख्यांना असं बांधून ठेवणारं काही नाही. मग आम्ही कशाच्या जोरावर एकत्र राहायचं? कराराच्या? करार हवाच, लेखीच हवा. पण रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर करारातलं कलम उठून लॅपटॉप उघडत नाही. तो माणूसच उघडतो.

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाची दोन उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत.

पहिलं उत्तर टोळीचं. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून ऊसतोडीला माणसं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते मिळून टोळी, टोळीवर मुकादम. कोपीत शेजारी शेजारी राहतात, पहाटे एकत्र फडात उतरतात, एकमेकांची मोळी डोक्यावर चढवून देतात. वरून बघितलं तर यापेक्षा चांगलं टीमवर्क कुठे दिसेल? पण ही दोरी कशाची आहे ते बघा. ती उचलीची आहे. हंगामाआधी घेतलेले पैसे फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही. आजारी पडला, एक दिवस कामावर आला नाही की खाडा लागतो. कष्ट नाहीत म्हणून त्या दिवसाची मजुरी नाही, आणि वर दंड. या खाड्याच्या धाकानं पाळीचा त्रास नको म्हणून कितीतरी बायांनी ऐन तरुण वयात गर्भाशय काढून घेतल्याचं २०१९ साली बाहेर आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. टोळीतली माणसं एकमेकांना जीव लावतात, त्यात शंका नाही. पण ज्या हिशेबात ती बांधली आहेत, त्या हिशेबात माणसाच्या आजारपणाला जागाच ठेवलेली नाही.

दुसरं उत्तर सावडीचं. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक बैल. एका बैलानं नांगर चालत नाही. मग दोघे सावड करतात, आज तुझं रान, उद्या माझं. इर्जिक त्याच्याही पुढची. एखाद्याचं रान अडलं की गावातले आपापले नांगर घेऊन येतात, दिवसभर नांगरतात आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवून जातात. मजुरी नाही. उद्या आपली पाळी आली तर तोही येणार, हा विश्वास हीच मजुरी. इथे प्रत्येकाचा सातबारा वेगळाच राहतो. बैल ज्याचा त्याचाच. तरी रान नांगरून होतं.

आजच्या श्लोकातला यज्ञ मला सावडीत दिसतो. आधी आपला बैल दुसऱ्याच्या रानात न्यायचा. माझं रान आधी, मग तुझं बघू, असं दोघेही म्हणाले तर दोन्ही रानं पडून राहतात.

हे लिहायला सोपं आहे. आमच्यावर प्रसंग आला तेव्हा काय झालं ते सांगतो.

गेल्या वर्षी एका कामाच्या मध्येच आमच्यातल्या एकाची आई अंथरुणाला खिळली. तो तीन आठवडे काम करू शकला नाही. त्याचा भाग दुसऱ्यानं उचलला, आपलं काम करून वर रात्री जागून. काम वेळेत गेलं, पैसे आले, आणि वाटणीला बसलो. ज्यानं रात्री जागवल्या होत्या तो म्हणाला, "तीन आठवड्यांचा खाडा लावा त्याला. माझ्या आई-बापाला एका दिवसाचाही कुणी सोडला नाही." त्याचं लहानपण आई-वडिलांबरोबर उसाच्या फडात गेलं आहे. त्यानं हा शब्द पुस्तकात वाचलेला नव्हता. कॉलवर कुणालाच काही बोलता येईना.

अशा वेळी प्रवचन देणं सगळ्यात सोपं असतं. "अरे, आईच्या आजारपणात पैसे कापतात का?" असं म्हटलं की आपण चांगले आणि तो वाईट. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्री त्यानं जागवल्या होत्या. त्यात आणखी एक गोष्ट होती. आई आजारी आहे हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. ते चार दिवस तो एकटाच अंधारात चाचपडत होता.

मला तेव्हा दिंडी आठवली. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून आपल्या बीडवरून पंढरीला जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण दर्शन घेतो. पण दिंडीची आतली व्यवस्था फार थोड्यांनी पाहिलेली असते. आळंदीच्या सोहळ्याची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. त्यातली प्रत्येक दिंडी स्वतंत्र. तिचा वीणेकरी वेगळा, पखवाज वेगळा, मालाचा ट्रक वेगळा, भिशी वेगळी, चूल वेगळी. पण रथाच्या पुढे की मागे आणि कितवा क्रमांक, हे ठरलेलं. क्रम मोडून कुणी पुढे घुसत नाही. म्हणजे सगळे स्वतंत्र आणि सगळे एकत्र. आम्हा कन्सल्टंट लोकांना हवी ती रचना वारकऱ्यांनी कधीच करून ठेवली आहे.

त्यातली संध्याकाळची समाजआरती बघा. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. शांततेत तो एकच आवाज उठून ऐकू येतो. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. मग आरती.

विचार करा, माऊलींची आरती खोळंबते, पण तक्रार दाबली जात नाही. तक्रार करणाऱ्याला कुणी अभक्त म्हणत नाही. आणि ती कुजबुजत, पाठीमागे, वेगळ्या ग्रुपवर होत नाही. सगळ्यांसमोर होते आणि त्याच दिवशी संपते.

मी आमच्या मित्रांना एवढंच म्हटलं की याचा टाळ वाजतोय, आधी तो ऐकू. मग तास-दीड तास फक्त तो बोलला. किती रात्री, कोणतं काम, घरी काय झालं. शेवटी आजारी आईचा मुलगा स्वतःच म्हणाला, "पहिल्या दिवशी कळवायला पाहिजे होतं. तेवढं माझं चुकलं." बाकी काही कुणाला बोलावं लागलं नाही. ज्यानं काम उचललं त्याला त्या कामाचे पूर्ण पैसे मिळाले. ज्यानं आधी काम केलं होतं त्याला तेवढ्याचे मिळाले. दंड कुणालाच लागला नाही. खाडा हा शब्द आमच्या हिशेबात राहणार नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. खाडा लावा म्हणणाऱ्यानंही.

पण नुसती भावना पुरत नाही, माऊली. पुढच्या वेळी पुन्हा कुणाची तरी आई असेल, कुणाचं बाळंतपण असेल, कुणाला डेंग्यू होईल. म्हणून तेराव्या श्लोकातली गोष्ट आम्ही हिशेबात आणली. बिलाचे पैसे आले की आधी शंभरातले दहा बाजूला काढायचे, मग उरलेल्याची वाटणी. आधी वाटणी आणि मग उरले तर बाजूला, असं केलं तर कधीच काही उरत नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. आधी काढायचं, उरलेलं खायचं. यज्ञशेष म्हणतात तो हाच. अडीअडचणीत जो दुसऱ्याचं काम उचलेल त्याचे जादा पैसे यातून जातात. म्हणजे मदत करणाऱ्याच्या पोटावर पाय येत नाही आणि अडलेल्याची मान खाली जात नाही. भिशी दिंडीची असते तशी ही आमची.

बाराव्या श्लोकातला चोर हा शब्दही आमच्या धंद्यात रोज लागू पडतो. मित्राच्या ओळखीनं क्लायंट मिळाला आणि पुढच्या कामाला मित्राला वगळून थेट गेलो, तर ती चोरी. दुसऱ्यानं शोधून काढलेला दोष मीटिंगमध्ये आपण काढल्यासारखा सांगितला, तर तीही चोरी. यासाठी पोलिसात गुन्हा नोंदवला जात नाही, म्हणून तर भगवंतांना सांगावं लागलं. मिळालं कुठून हे विसरणं, तिथूनच चोरी सुरू होते.

आणि एक इशारा. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. गावगाड्यातही लोक एकमेकांवर अवलंबून होते, पण कुणी द्यायचं आणि कुणी दारात उभं राहायचं हे जन्मानंच ठरलेलं होतं. एकमेकांना पोसणं म्हणजे दोन्ही बाजूंनी पोसणं. एकच बाजू कायम देत असेल तर ती सावड नाही, वेठ आहे. म्हणून आपल्या गटात जो सगळ्यांत कमी बोलतो, जो कधी पैसे मागत नाही, त्याचा टाळ वाजतोय का, हे मधून मधून कान देऊन ऐकावं.

आजचा संकल्प

ज्याच्याबरोबर काम करतो अशा एका माणसाला आज फोन करीन, कामाशिवाय. त्याच्या मदतीनं मिळालेली एक गोष्ट चारचौघांत त्याच्या नावानं सांगीन. आणि एखादी तक्रार मनात धरून बसलो असेन, तर ती आज त्याच्याच समोर, नीट शब्दांत बोलीन.

पांडुरंगा, आमची चूल वेगळी असू दे, पण मन आपल्यापुरतं शिजवणारं होऊ देऊ नको. माझा बैल आधी दुसऱ्याच्या रानात नेण्याची बुद्धी दे, आणि माझ्यावर वेळ आली तर मदत मागायला लाज वाटू देऊ नको.

उद्या चौदावा श्लोक. त्यात अन्न, पाऊस आणि यज्ञ यांची साखळी आहे. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो श्लोक वेगळाच वाचला जातो. उद्या बोलू.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥