पॅलेडियमच्या पायाखालची जमीन

सकाळी साडेसहाचा सुमार. सुरतेतल्या भेस्तान स्टेशनबाहेर उभे राहा. घाई करू नका. रात्रपाळी संपवून लूमवरची माणसं टपरीवर चहा घेताहेत, खानदेशी बोलणं कानावर पडतंय, एक गाडी उधन्याकडे निघून जाते. समोरची सीएनजी रिक्षा सुरू होते. तिच्या सायलेन्सरच्या टोकावर नजर ठेवा.

थेंब जमतो. लोंबतो. पडतो.

हे पाणी जाळातून आलेलं आहे. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन, आणि मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू तयार होतात. पण मिथेन मोठा हट्टी. कार्बनभोवतीचे चार हायड्रोजन सहजी सुटत नाहीत. न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो. म्हणून वाटेत त्याला अडवायला पॅलेडियम बसवतात. रसायनशास्त्रज्ञ वोलॅस्टननं १८०२ साली शोधलेला हा धातू मिथेन जाळण्यात बाकीच्यांपेक्षा सरस आहे.

आता थेंब सोडा आणि मनानं नळीतून आत चला. मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची वीट लागेल. तिच्या बारीक भोकांच्या भिंतींवर पांढरा लेप आहे, मुख्यतः अॅल्युमिनाचा. या लेपाची एक ग्रॅम पावडर तळहातावर घेतलीत तर चिमूटभर दिसेल. तिच्यातल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण १४० चौरस मीटर भरतील. दहा बाय पंधराच्या दहा खोल्यांची जमीन. भेस्तानात एवढ्या जागेत दहा कुटुंबं राहतात. इथे जरा थांबा. चिमटीत दहा खोल्या, हे मनात नीट उतरू द्या.

त्या जमिनीवर पॅलेडियमचे कण विखुरलेले आहेत, काही नॅनोमीटरचे. तापल्या तव्यावर तुपाचे थेंब सरकत एकमेकांत मिसळतात, तसे हे कणही उष्णतेत मिसळू पाहतात. मिसळले की पृष्ठभाग घटला, काम घटलं. जमीन त्यांना धरून ठेवते. पण हजार अंशांच्या पुढे अॅल्युमिनाचीच छिद्रं मिटू लागतात, म्हणून तिच्यात थोडं लॅन्थॅनम मिसळतात.

आता पुन्हा त्या थेंबाकडे या, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मिथेन जाळल्यावर झालेलं पाणी लगेच निघून जात नाही. ते ऑक्सिजन घेतलेल्या पॅलेडियमवर, म्हणजे पॅलेडियम ऑक्साइडवर, चिकटतं आणि पुढच्या मिथेनची जागा अडवतं. कमी तापमानात हा अडथळा फार जाणवतो. अॅल्युमिना स्वतःच ओल धरून ठेवणारी. तिच्यावर बसलेलं पॅलेडियम उशिरा मोकळं होतं. सेरिया किंवा झिर्कोनिया घाला, तर जमिनीतून ऑक्सिजन हलता राहतो आणि कणावरची ओल लवकर सुटते. धातू तोच, कण तेवढेच, तरी काम वेगळं.

गंधकाचंही असंच. गळती कळावी म्हणून गॅसला जो वास देतात त्यात गंधक असतो, अगदी थोडा. अॅल्युमिना तो गंधक बराचसा आपल्या अंगावर घेते, म्हणून पॅलेडियम हळूहळू मंदावतं. सिलिका काहीच अंगावर घेत नाही, सगळा मार धातूवर, आणि काम पटकन बसतं. पण पुढचं ऐका: गंधक थांबला की सिलिकेवरचं पॅलेडियम सोपेपणानं सावरतं, अॅल्युमिनावरच्याला वेळ लागतो, कारण जमिनीत साठलेला गंधक पुन्हा पुन्हा वर येत राहतो. यातली चांगली जमीन कोणती? मला याचं एक उत्तर देता येत नाही. गॅस कोणता आणि ताप किती, हे आधी विचारावं लागतं.

पॅलेडियमवर गॅस जाळणाऱ्या मोठ्या टर्बाइनमध्ये तर ८०० अंशांच्या आसपास पॅलेडियम आपला ऑक्सिजन सोडून देतं आणि मिथेनवरची त्याची पकड ढिली पडते. निवताना ऑक्सिजन परत घ्यायला अॅल्युमिनावर ६०० च्या जवळ उतरावं लागतं. सेरियावर त्याच्या बरंच आधी तो परत येतो.

शास्त्रज्ञ वहीत पॅलेडियम लिहितात, पुढे तिरकी रेघ मारतात आणि तिच्या पलीकडे जमिनीचं नाव. माझ्या मते वाचताना रेघेपलीकडचं नाव आधी वाचावं.

उद्या सकाळी ओळखीच्या रिक्षावाल्या भाऊंना विचारा आणि गाडी सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटात सायलेन्सरच्या टोकापुढे, न टेकवता, तळहात धरा. ओल लागेल. मग हात काढून घ्या, थोड्याच वेळात नळी पोळू लागते.